ज्यूकबॉक्समधून उतरलेल्या तबकड्या : सन रेकॉर्ड्सच्या हिलबिली आणि रॉकबिली ध्वनिमुद्रणांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार, मेम्फिस

शेजारच्या बाईंकडून आज दोन लाकडी खोकी घरी आणली. त्यांचे यजमान पन्नासच्या दशकात पश्चिम टेनेसी आणि पूर्व आर्कान्सामधल्या खाणावळींत ठेवलेल्या ज्यूकबॉक्सची, म्हणजे नाणे टाकले की निवडलेली तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांची, देखभाल करत असत. दर आठवड्याला पेटीतली नाणी काढायची, जुन्या झालेल्या तबकड्या उतरवून नव्या चढवायच्या, हे त्यांचे काम होते. उतरवलेल्या तबकड्यांपैकी काही त्यांनी फेकून न देता जपून ठेवल्या. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या ५८ आणि ७८ फेऱ्यांच्या ९ अशा एकूण ६७ तबकड्या मोजून मी नोंदवहीत लिहून घेतल्या. त्यांपैकी ३१ तबकड्या सन रेकॉर्ड्स या मेम्फिसच्याच छोट्या स्वतंत्र कंपनीच्या आहेत. पिवळ्या कागदावर तपकिरी रंगात सूर्याचे किरण आणि आरवणारा कोंबडा छापलेले त्यांचे लेबल दुरूनही ओळखू येते.

बाईंची अपेक्षा साधी आहे. सगळ्या तबकड्यांची डिजिटल प्रत नातवंडांसाठी तयार व्हावी आणि कोणत्या तबकडीवर काय आहे याची नीट यादी असावी. माझी स्वतःची इच्छा याहून थोडी पुढची आहे. सनच्या तबकड्यांवर मराठीत टिपणे लिहावीत, असे गेली काही वर्षे मनात होते आणि त्यासाठी लागणारा ऐवज अनायासे घरी चालून आला आहे. या नोंदी त्या कामाच्या.

१३ जानेवारी, शनिवार

पहिला आठवडा केवळ उपकरणे जुळवण्यात गेला. ४५ फेऱ्यांच्या मोनो तबकड्यांसाठी २५ मायक्रॉन टोकाची शंक्वाकार सुई घेतली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खाच त्याहून बरीच रुंद असते, म्हणून तिच्यासाठी ७५ मायक्रॉनची वेगळी सुई आहे. मुद्रण ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणाने करायचे, दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोच ठेवायचे आणि मूळ प्रतीवर खरखर काढणारी कोणतीही प्रक्रिया करायची नाही, असे ठरवले. खरखर काढताना झांजेचा झणकार आणि बासच्या तारेचा टणत्कार आधी नाहीसा होतो, आणि या संगीतात नेमके तेच तर महत्त्वाचे आहे. स्वच्छ केलेली प्रत कुणाला हवीच असेल तर ती वेगळी काढता येईल. मूळ प्रत जशी वाजली तशीच राहील.

एक चूक मात्र इथे नोंदवून ठेवायला हवी. धुण्याचे जे द्रावण मी ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी बनवले होते त्यात थोडे अल्कोहोल होते आणि तेच मी एका ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या कडेला लावले. ती तबकडी लाखेची होती. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे मला माहीत होते, तरीही हात चालत राहिला. तबकडीच्या कडेचा बोटभर भाग निस्तेज झाला. सुदैवाने खाचा तिथून पुढे सुरू होतात, त्यामुळे ध्वनी वाचला. ती सनची नसून एका गॉस्पेल गटाची तबकडी होती, परंतु त्यामुळे चुकीचे वजन कमी होत नाही. बाईंना त्याच संध्याकाळी सांगितले. आता लाखेच्या तबकड्या ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ कुंचल्यानेच साफ करते. जगभरच्या जुन्या तबकड्यांना लागणारी लाख फार मोठ्या प्रमाणात भारतातूनच जात असे. ती हाताळताना मी अधिक जपायला हवे होते.

२० जानेवारी, शनिवार

आज ओळख पटवण्याचे काम केले. सनच्या तबकडीवर दोन क्रमांक असतात. लेबलवरचा मोठा क्रमांक तबकडीचा, तर शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आणि ‘यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक त्या त्या बाजूचा. मेम्फिसच्याच प्लॅस्टिक प्रॉडक्ट्स या कारखान्यात छापलेल्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या लेबलवर साच्यामुळे उमटलेले तीन गोल दाब दिसतात. आमच्या ३१ पैकी २६ तबकड्यांवर ते आहेत. उरलेल्या पाच दुसऱ्या कारखान्यातल्या असाव्यात. त्यांचा रकाना तूर्त मोकळा ठेवला आहे.

मराठी वाचकासाठी कंपनीची हकिकत इथेच थोडक्यात लिहून ठेवते. सॅम फिलिप्स हे अलाबामातल्या फ्लॉरेन्सजवळ १९२३ साली जन्मलेले रेडिओ तंत्रज्ञ. मेम्फिसच्या डब्ल्यूआरईसी केंद्रावर नोकरी करत असतानाच त्यांनी जानेवारी १९५० मध्ये ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस सुरू केली. मॅरियन काइस्कर या त्यांच्या रेडिओतल्या सहकारी कार्यालयाचा सारा भार सांभाळत. लग्नसमारंभ, अंत्यविधी, भाषणे असे जे मिळेल ते मुद्रित करायचे आणि उरलेल्या वेळात शहरातल्या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांची गाणी मुद्रित करून ती शिकागोच्या किंवा लॉस एंजेलिसच्या कंपन्यांना द्यायची, असा तो व्यवसाय होता. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःचे लेबल काढले, ते सन. १९६९ मध्ये ते नॅशव्हिलच्या शेल्बी सिंगलटन यांना विकले गेले. मला ज्या काळाशी काम आहे तो मात्र १९५३ ते १९५७ एवढाच.

३ फेब्रुवारी, शनिवार

तक्त्यात ‘शैली’ असा एक रकाना मी पहिल्याच दिवशी आखला होता आणि त्यात हिलबिली किंवा रॉकबिली यांपैकी एक शब्द भरायचा, असा बेत होता. आज तो रकाना भरायला बसले आणि तिसऱ्याच तबकडीला अडले.

‘हिलबिली’ हा शब्द मुळात हिणवण्याचा. डोंगराळ भागातल्या गोऱ्या गरिबांना शहरातली माणसे या नावाने ओळखत. घाटावरून आलेल्या माणसाला मुंबईत ‘घाटी’ म्हणत, त्यातली चव ज्यांना कळते त्यांना या शब्दाची धार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये मुद्रण करणाऱ्या एका वाद्यवृंदाला ‘हिल बिलीज’ हे नाव मिळाले आणि तिथून तो शब्द बाजारात चालता झाला. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ मध्ये आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे सभ्य नाव दिले, तरी दक्षिणेतल्या दुकानदारांच्या तोंडी हिलबिली हाच शब्द राहिला. ‘रॉकबिली’ हा रॉक आणि हिलबिली मिळून झालेला पुढचा जोडशब्द आणि तो रुळला १९५६ च्या सुमारास, म्हणजे ज्या तबकड्यांना तो आज लावला जातो त्यांपैकी कित्येक बाजारात येऊन गेल्यानंतर.

सनच्या सुरुवातीच्या तबकड्या बहुतेक ब्लूजच्या होत्या. हिलबिली गाण्यांची वाट १९५३ मध्ये १९० क्रमांकाच्या तबकडीने उघडली. ती रिप्ली कॉटन चॉपर्स या टेनेसीच्याच मंडळींची. त्यानंतर १९५४ च्या पूर्वार्धात अर्ल पीटरसन, हार्डरॉक गंटर यांच्या तबकड्या आल्या आणि २०२ क्रमांकावर डग पॉइंडेक्सटर व त्यांच्या स्टारलाइट रँगलर्सची तबकडी आली. आमच्या खोक्यात ती नाही. मी ती पुनर्मुद्रित सीडीवर ऐकली. सरळसोट हिलबिली वाद्यवृंद आहे. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार, नाकातून येणारा गाणाऱ्याचा सूर, सारे जिथल्या तिथे आहे. पण त्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे स्कॉटी मूर आणि डबल बास वाजवणारे बिल ब्लॅक दोनच महिन्यांनी, ५ जुलै १९५४ रोजी, त्याच खोलीत एल्व्हिस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर उभे होते. त्या मुद्रणात फिडल नाही, स्टील गिटार नाही आणि ड्रमही नाहीत. तीच दोन माणसे, तीच खोली, तोच तंत्रज्ञ. मग मे महिन्यात ते जे वाजवत होते ते हिलबिली आणि जुलैमध्ये वाजवले ते रॉकबिली, ही रेघ मी नेमकी कुठे ओढायची? रकाना मोकळाच ठेवून उठले.

११ फेब्रुवारी, रविवार

कालपासून २०९ क्रमांकाची तबकडी ऐकते आहे. मूळ प्रत फार दुर्मीळ असल्याने तीही सीडीवरच. एका बाजूला आर्थर क्रूडप या ब्लूज गायकाचे १९४६ मधले गाणे, तर दुसऱ्या बाजूला केंटकीचे बिल मन्रो यांचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. एका तबकडीची एक बाजू काळ्यांच्या गाण्याची आणि दुसरी डोंगराळ गोऱ्यांच्या गाण्याची, ही योजना फिलिप्स यांनी प्रेस्लीच्या सनवरच्या पाचही तबकड्यांत बहुतांशी पाळली.

मन्रो यांचे मूळ गाणे वॉल्ट्झमध्ये आहे, म्हणजे तीन मात्रांच्या संथ झोक्यात. या तिघांनी ते चार मात्रांत आणले आणि लय दुपटीने वाढवली. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला सांगायचे तर दादऱ्यात डुलणारे गाणे उचलून कोणी चढ्या केरव्यात बसवावे, तसा हा प्रकार आहे. शब्द तेच आणि चालीचा सांगाडाही ओळखू येतो. फक्त विरहाची तक्रार उत्साहात बदलते. मन्रो रागावले असते तर नवल नव्हते, पण त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वतःचे गाणे पुन्हा मुद्रित केले आणि त्यात सुरुवात जुन्या वॉल्ट्झने करून पुढे चार मात्रांची द्रुत लय धरली. थोरा-मोठ्या कलावंताने तरुणाचे म्हणणे ऐकून घेतल्याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा आठवत नाही.

ड्रम नसताना ठेका येतो कुठून, हे हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकले. बिल ब्लॅक डबल बासची तार बोटाने ओढून सोडतात तेव्हा ती फळीवर आपटते. स्वर आणि टणत्कार असे दोन आवाज एकाच हाताने निघतात आणि मधल्या मात्रांवर तळहाताची थापही पडते. डग्गा आणि टाळी यांचे काम एकच वाद्य करते आहे. तक्त्यात ‘बासची थाप’ असा नवा रकाना वाढवला.

२५ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मोठी आहे, कारण जे हाती लागले त्याची मला कल्पना नव्हती.

ज्यूकबॉक्समधली तबकडी दोन्ही बाजूंनी सारखी झिजत नाही. नाणे टाकणारा माणूस जे गाणे निवडतो तीच बाजू झिजते. यंत्राची सुई जड असे, त्यामुळे शे-दीडशे वेळा वाजल्यावर खाचांच्या भिंती घासून त्यांना राखाडी झाक येते आणि कमी वाजलेली बाजू काळीभोर, चकचकीत राहते. भिंगाखाली हा फरक पाहताक्षणी कळतो. कानालाही तो कळतो. झिजलेल्या बाजूवर मोठ्या आवाजातल्या ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात. म्हणजे ही खोकी म्हणजे लोकांच्या पसंतीची वहीच आहे. कोणत्या खाणावळीतली, कोणत्या महिन्यातली, हे त्यावरून कळणार नाही. तीसेक तबकड्यांवरून साऱ्या दक्षिणेविषयी विधान करणेही बरोबर नाही, हे मी स्वतःला बजावते आहे. तरीही तबकडीगणिक ‘झीज’ हा रकाना भरायचे ठरवले.

माझी अपेक्षा अशी होती की द्रुत गाण्यांच्या, म्हणजे ज्यांना आज रॉकबिली म्हणून मान मिळतो त्या बाजू झिजलेल्या असतील आणि मागच्या बाजूची संथ हिलबिली गाणी कोरी राहिली असतील. आजचे संग्राहक पैसे मोजतात ते द्रुत बाजूसाठी आणि निवडक गाण्यांच्या संग्रहांतही तीच बाजू घेतली जाते. पहिल्याच तबकडीने ही अपेक्षा मोडली. क्रमांक २२३ ही प्रेस्लीची सनवरची शेवटची तबकडी, १९५५ मधली. एका बाजूला ‘मिस्ट्री ट्रेन’ आहे, जिच्यावर आजवर पानेच्या पाने लिहिली गेली. ती बाजू जवळपास नवी आहे. दुसऱ्या बाजूचे ‘आय फरगॉट टु रिमेम्बर टु फरगेट’ हे स्टॅन केसलर आणि चार्ली फेदर्स यांनी लिहिलेले सरळ हिलबिली घाटाचे, मध्यम लयीतले रडगाणे. ती बाजू इतकी राखाडी झाली आहे की २५ मायक्रॉनची सुई तिथे नीट वाजतच नाही.

मग बिलबोर्डच्या याद्या आठवल्या आणि गोष्ट जुळली. फेब्रुवारी १९५६ मध्ये कंट्रीच्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले ते हेच गाणे. प्रेस्लीचा देशव्यापी यादीतला हा पहिला अव्वल क्रमांक. ज्या तबकडीची एक बाजू पुढे साऱ्या जगाने डोक्यावर घेतली, तिची दुसरी बाजू त्या काळच्या खाणावळीत बसलेल्या माणसाला हवी होती. हे सारे छापील माहितीतून मला ठाऊक होते, पण खाचेतली राख पाहिल्यावर ते प्रथमच पटले.

त्यामुळे आज एक निर्णय घेतला. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजू एकत्र, एकाच फाइलमध्ये, मधल्या शांततेसह मुद्रित करायच्या. त्यांना वेगळे करायचे नाही.

२ मार्च, शनिवार

झिजलेल्या बाजूंसाठी थोड्या जाड टोकाची सुई मागवली. ती खाचेच्या भिंतीला वरच्या अंगाला, न घासलेल्या जागी टेकते. २२३ ची हिलबिली बाजू आता पुष्कळ बरी वाजते. ‘स’ अजून फाटतात.

९ मार्च, शनिवार

कार्ल पर्किन्स आणि चार्ली फेदर्स यांचा आठवडा.

पर्किन्स टेनेसीच्या लेक काउंटीतल्या, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणाऱ्या घरातले. शेजारच्या शेतात राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या कृष्णवर्णीय वृद्धाकडून ते गिटार शिकले. पुढे जॅक्सन गावी भाऊ जे आणि क्लेटन यांना घेऊन ते दारूच्या गुत्त्यांतून वाजवू लागले. खोक्यात त्यांची १९५५ मधली २२४ क्रमांकाची तबकडी आहे. एका बाजूला ‘गॉन, गॉन, गॉन’ हे उसळते गाणे, तर दुसऱ्या बाजूला ज्यूकबॉक्स असाच वाजत राहू दे, अशी विनवणी करणारे संथ हिलबिली गाणे. ज्यूकबॉक्समधून उतरलेल्या तबकडीवर ज्यूकबॉक्सचे गाणे! अर्थात तीच बाजू अधिक झिजली आहे. फिडल आणि स्टील गिटार यांच्यामधून पर्किन्स यांचा आवाज जसा वर येतो, तसा तो त्यांच्या प्रसिद्ध गाण्यांतही क्वचित येतो. हे गाणे मागे पडले याचे मला मनापासून वाईट वाटते.

२३४ क्रमांकाची ‘ब्लू स्वेड शूज’ १९ डिसेंबर १९५५ रोजी मुद्रित झाली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बाजारात आली. पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत ती वर चढली, आणि दहा लाखांहून अधिक विकली गेलेली ही सनची पहिली तबकडी. आमच्या प्रतीच्या दोन्ही बाजू सारख्याच राखाडी आहेत. लोकांनी ‘हनी डोंट’लाही तितकीच नाणी टाकली. २२ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कला दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी जाताना डेलावेअरमध्ये मोटारीला भीषण अपघात झाला आणि पर्किन्स नेमके त्या महिन्यांत अंथरुणाला खिळले.

फेदर्स यांच्यापुढे माझी वर्गीकरणाची पद्धत साफ हरते. आज त्यांचे नाव रॉकबिलीच्या अग्रभागी घेतले जाते, परंतु सनवर आणि सनच्याच फ्लिप या उपलेबलवर त्यांची जी दोन मुद्रणे निघाली ती पूर्णपणे हिलबिली आहेत. बिल कँट्रेल यांचे फिडल आणि स्टॅन केसलर यांची स्टील गिटार त्यांत पुढे आहे. उसळी मारणारे गाणे त्यांनी १९५६ मध्ये मेम्फिसच्याच मीटिअर लेबलवर आणि नंतर सिनसिनाटीच्या किंगवर केले. पण उचकीसारखा तुटणारा, शब्दाच्या मध्येच वर उडी घेणारा त्यांचा आवाज त्या संथ गाण्यांतही तोच आहे. वाद्ये बदलली, लय बदलली. गळा बदलला नाही.

१६ मार्च, शनिवार

आज ७०६ युनियन अव्हेन्यूला जाऊन आले. पूर्वी दोनदा पाहिले होते, पण या वेळी काम मनात घेऊन गेले. साधारण १८ फूट रुंद आणि ३० फूट लांब अशी ती एकच खोली. भिंतींवर आणि नागमोडी छतावर ध्वनी शोषणाऱ्या सच्छिद्र टाइल. शेजारी खाणावळ होती आणि कंपनीचे कार्यालय इतके लहान की बरीच बोलणी तिथेच होत. २००३ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

खोलीत उभे राहून टाळी वाजवली तर आवाज लगेच विरतो, गुंजत नाही. मग तबकडीवरचा तो प्रसिद्ध प्रतिध्वनी कुठला? तो खोलीचा नाहीच. फिलिप्स यांच्याकडे अँपेक्सची दोन टेप यंत्रे होती. एकावर मुद्रण चाले. तोच आवाज दुसऱ्या यंत्रालाही दिला जाई. त्या यंत्रात टेपवर आवाज उमटवणारे मुख आणि तो वाचणारे मुख यांच्यात सुमारे दोन इंचांचे अंतर. टेपचा वेग सेकंदाला १५ इंच. म्हणजे वाचलेला आवाज सेकंदाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाने मागे पडतो. हा उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की प्रत्येक शब्दाला आणि प्रत्येक टणत्काराला एकच, जवळची सावली मिळते. त्याला इथे स्लॅपबॅक म्हणतात. म्हणूनच तीन माणसांचा वाद्यवृंद सहा जणांचा वाटतो. मोठ्या कंपन्यांकडे प्रतिध्वनीसाठी बांधलेल्या खास खोल्या असत. इथे टेपच्या दोन इंचांनी ते काम केले.

घरी आल्यावर ३१ तबकड्या पुन्हा तपासल्या. हा प्रतिध्वनी द्रुत गाण्यांचीच मिरास आहे, असा समज आहे. २४१ क्रमांकावरच्या जॉनी कॅश यांच्या ‘आय वॉक द लाइन’मध्येही तो कानाला जाणवतो. ड्रमचा आभास मात्र त्यात दुसऱ्याच युक्तीने आणला आहे: कॅश यांनी गिटारच्या तारांखाली कागदाची घडी सरकवली आणि तारांचा आवाज खरखरीत, बद्द करून टाकला. प्रत्येक कडव्याला सूर बदलतो आणि नवा सूर पकडण्यासाठी ते आधी गुणगुणतात. ल्यूथर पर्किन्स यांची गिटार आणि मार्शल ग्रँट यांचा बास, एवढीच साथ. या गाण्याला हिलबिली म्हणावे की आणखी काही, हा प्रश्न मी आता सोडून दिला आहे.

३० मार्च, शनिवार

वॉरन स्मिथ यांची २५० क्रमांकाची तबकडी, १९५६. एका बाजूला ‘उबांगी स्टॉम्प’. चाल आणि ठेका अप्रतिम आहेत, परंतु आफ्रिकेविषयीचे त्यातले शब्द आज ऐकताना बोचतात. टिपणात तसे स्पष्ट लिहिले आहे. दुसऱ्या बाजूला ‘ब्लॅक जॅक डेव्हिड’. हे शेकडो वर्षांपूर्वीचे ब्रिटिश बेटांवरचे कथागीत आहे. घरदार आणि मऊ बिछाना सोडून भटक्याबरोबर निघून जाणाऱ्या स्त्रीची ही कथा स्थलांतरितांबरोबर ॲपलेशियन डोंगरांत आली, तिथे पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आणि अखेर मेम्फिसच्या त्या खोलीत, पर्किन्स-प्रेस्लींच्या वर्षातच, ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर उतरली. आमच्या प्रतीत दोन्ही बाजूंची झीज जवळपास सारखी आहे. ज्या कोणी एकाच संध्याकाळी या दोन्ही बाजू ऐकल्या असतील, त्यांच्यासाठी त्या दोन वेगळ्या संगीतांच्या नव्हत्याच.

‘शैली’ हा रकाना आज पुसून टाकला. त्याच्या जागी सहा रकाने घेतले: फिडल, स्टील गिटार, ड्रम, बासची थाप, प्रतिध्वनी आणि मात्रा. पहिल्या पाचांत आहे किंवा नाही आणि शेवटच्यात तीन किंवा चार. तक्ता पूर्ण भरल्यावर क्रमांकवार खाली पाहत गेले, तर १९५५ च्या तबकड्यांत फिडल आणि बासची थाप एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर सापडतात आणि १९५६ च्या मध्यानंतर फिडल जवळजवळ नाहीसे होते. ही सरकती किनार एका शब्दाच्या रकान्यात कधीच दिसली नसती.

६ एप्रिल, शनिवार

बिली ली रायली यांचे १९५७ मधले ‘रेड हॉट’ (क्रमांक २७७) आज मुद्रित केले. सवाल-जबाबाच्या ढंगाचे, आरोळ्यांनी भरलेले गाणे आहे. झीज अर्थातच भरपूर. हे गाणे मूळचे बिली ‘द किड’ इमर्सन या कृष्णवर्णीय कलावंताचे आणि तेही १९५५ मध्ये सनवरच, २१९ क्रमांकावर निघालेले. ‘मिस्ट्री ट्रेन’ची कथा तशीच: ज्युनियर पार्कर यांनी ते १९५३ मध्ये १९२ क्रमांकावर केले होते. मूळ गाणे आणि त्याचे नवे रूप, दोन्ही एकाच कंपनीच्या यादीत काही डझन क्रमांकांच्या अंतराने बसली आहेत.

त्या अंतरात आणखीही एक गोष्ट घडली आणि ती न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रेस्ली, पर्किन्स आणि कॅश यांच्या यशानंतर सनने कृष्णवर्णीय कलावंतांकडे जवळजवळ पाठ फिरवली. ‘बेअर कॅट’ या तबकडीने १९५३ मध्ये सनला पहिले मोठे यश मिळवून देणारे रूफस टॉमस यांनी त्याबद्दलची खंत पुढे उघडपणे बोलून दाखवली. खोक्यातल्या ३१ पैकी एकही तबकडी कृष्णवर्णीय कलावंताची नाही. ज्यूकबॉक्स ज्या खाणावळींत उभे होते तिथे १९५६ साली कोणाला बसता येत होते, याचाही त्याच्याशी संबंध आहे. तक्त्यात ‘मूळ गायन’ हा रकाना जोडला आणि इमर्सन, पार्कर, क्रूडप यांची नावे त्यांच्या क्रमांकांसह भरली.

१४ एप्रिल, रविवार

मिलर भगिनींची २३० क्रमांकाची तबकडी ही खोक्यातली स्त्रीगायनाची एकुलती एक. दोघींचे स्वर इतके जवळून चालतात की मध्ये सुई शिरणार नाही. दोन्ही बाजू काळ्याभोर आहेत. ज्यूकबॉक्समध्ये तिला फारशी नाणी पडली नाहीत. त्यामुळे संपूर्ण संग्रहातले सर्वांत स्वच्छ मुद्रण आज हिचे झाले.

बाईंनी विचारले की इतकी मोठी नावे हाती असताना ही कंपनी छोटीच का राहिली. मी त्यांना हिशेब समजावून सांगितला. गाणे गाजले की कारखान्याला छपाईचे पैसे आधी द्यावे लागत, वितरकांकडून मात्र ते महिनोन्महिने येत नसत, आणि न खपलेला माल परतही येई. यशस्वी तबकडी हीच छोट्या कंपनीवरची आपत्ती ठरू शके. शिवाय ‘बेअर कॅट’वरून ह्यूस्टनच्या कंपनीने केलेल्या स्वामित्वहक्काच्या दाव्याचा बोजा होताच. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी प्रेस्लीचा करार आरसीए कंपनीला ३५,००० डॉलरना विकला. प्रेस्लीच्या थकीत मानधनाचे ५,००० डॉलर आरसीएने वेगळे दिले. पुढे लोकांनी या विक्रीला घोडचूक म्हटले. पण त्याच पैशावर सहा आठवड्यांनी पर्किन्स यांची तबकडी बाजारात येऊ शकली. बाई म्हणाल्या, यजमानही नेहमी हेच सांगत: पेटीत गाणे वाजते रोज, पैसा मोजला जातो आठवड्याने.

२७ एप्रिल, शनिवार

सर्व ६७ तबकड्यांचे मुद्रण पूर्ण झाले. सनच्या ३१ तबकड्यांच्या ३१ फाइल, प्रत्येकीत दोन्ही बाजू. तक्त्याचे एकूण १४ रकाने झाले. दुसऱ्या कारखान्यातल्या पाच तबकड्यांचा छपाईचा रकाना अजून मोकळा आहे. बाईंना एक प्रत दिली, एक माझ्याकडे ठेवली आणि तिसरी त्यांच्या नातीकडे जाईल. तबकड्या आम्लरहित कागदाच्या नव्या पाकिटांत घालून उभ्या रचल्या. यजमानांच्या हस्ताक्षरातल्या नावपट्ट्या ज्या ज्या तबकडीसोबत होत्या, त्या त्या पाकिटातच ठेवल्या.

निघण्यापूर्वी बाईंनी एक तबकडी लावायला सांगितली. मी २३४ काढू लागले, तर त्यांनी २२४ मागितली आणि पाकीट हातात घेऊन ती उलटी करून दिली, संथ बाजू वर.